फिशटँकला वाळू किती? हिशेब आपल्याच वस्तीत आहे

कधी कधी घरात एखादी वस्तू येते आणि सगळ्या घराला कामाला लावते. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अशीच एक काचेची पेटी आली. कारखान्यातील आमचे एक सहकारी निवृत्त होऊन गावी निघाले होते. सामान बांधताना ते म्हणाले, "टेम्पोत फुटून जाईल ही. तुमच्या पोरांना होईल, घेऊन जा." पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही ती घरी आणली.

धाकटा चौथीत, थोरली आठवीत. दोघांच्या आनंदाला पारावार उरला नाही. आजी मात्र खाटेवरून म्हणाली, "पाण्यातला जीव घरात आणताय, तर नीट सांभाळा म्हणजे झालं." त्या वेळी आम्ही ते बोलणे हसण्यावारी नेले. पुढे तेच खरे ठरले.

दुसऱ्या दिवशी सुटीचा मुहूर्त साधून आम्ही शहरातील एका दुकानात गेलो. "फिशटँकला वाळू किती लागेल?" असे विचारले. दुकानदाराने पेटीचे माप विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. "पाच पिशव्या न्या, भरगच्च दिसेल," तो म्हणाला. पिशवी पाच किलोची. पंचवीस किलो वाळू आणि सहा रंगीत मासे घेऊन आम्ही घरी आलो. भिंतीवर एक लाकडी फळी होती, आजीच्या खाटेच्या डोक्याशी. तिच्यावर पेटी ठेवली, सगळी वाळू ओतली, नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. घर एकदम श्रीमंत दिसू लागले.

पहिल्या आठवड्यात दोन मासे मेले. तिसऱ्या आठवड्याअखेर सहाही गेले. शेवटचा मासा उलटा तरंगताना दिसला, त्या रात्री धाकटा जेवला नाही. "पप्पा, मी तर रोज खायला घालत होतो. माझं काय चुकलं?" असे त्याने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलाला 'चल, दुसरे आणू' म्हणणे सोपे असते. पण चूक न शोधता दुसरे मासे आणणे म्हणजे आणखी सहा जीव मारणे. म्हणून आम्ही ठरवले की आधी कारण शोधायचे, मग मासे.

आणखी काही आठवड्यांनी पेटी रिकामी करायला घेतली. वरची वाळू पांढरी होती, खालची काळी पडली होती. उलथण्याने ती हलवली तोच बुडबुडे आले आणि घरभर सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. त्या वासाने शेजारचे गवंडीकाका दारात आले. वीस-पंचवीस वर्षे त्यांनी नाशिकमध्ये बांधकामे केली आहेत. शाळा चौथीत सुटली, पण वाळू हा त्यांचा रोजचा विषय.

गवंडीकाकांचा हिशेब

काका पेटीजवळ बसले. "कितीक वाळू घातली भाऊ?"

"पंचवीस किलो."

"किलोवर कोण मोजतं वाळू? वाळू मापावर मोजायची. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, तळ झाला दोन चौरस फूट. थर किती जाड पाहिजे?"

थोरलीने शाळेच्या वाचनालयातील एका पुस्तकात वाचले होते की पाणवनस्पती लावायच्या असतील तर दोन इंच थर पुरतो. तिने तसे सांगितले.

"दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा भाग. दोनाला सहाने भागलं की फुटाचा तिसरा हिस्सा. तुझ्या पप्पांना एक तृतीयांश घनफूट वाळू पाहिजे होती. ब्रासमध्ये शंभर घनफूट असतात. म्हणजे एका ब्रासमध्ये अशा तीनशे पेट्या भरतील."

कागद नाही, पेन्सिल नाही. बोटांच्या पेरांवर त्यांनी हे सांगितले. बांधकामावर जाणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. भिंत किती, विटा किती, माल किती, हा हिशेब ते रोज करतात. आम्ही मात्र दुकानात उभे असताना हे करायचे विसरलो. महाग वस्तू घेताना आपण विचार करतो. वाळूसारखी साधी वस्तू घेताना कोणी सांगेल तेवढी घेतो.

थोरलीची वही

थोरलीला काकांचे उत्तर पटले, पण तिला ते शाळेच्या पद्धतीने पडताळून पाहायचे होते. तिने वहीत लिहिले: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, थर ५ सेंटिमीटर. ६० गुणिले ३० म्हणजे १८००. १८०० गुणिले ५ म्हणजे ९००० घन सेंटिमीटर. १००० घन सेंटिमीटरचा एक लिटर, म्हणून ९ लिटर.

मग तिने काकांचे उत्तरही लिटरमध्ये केले. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. त्याचा तिसरा हिस्सा ९.४ लिटर. "काका, तुमचं ९.४ येतं, माझं ९ येतं. कोणाचं चुकलं?"

कोणाचेच चुकले नव्हते. फूट म्हणजे नेमके ३० सेंटिमीटर नव्हे, ३०.४८ सेंटिमीटर. दोन इंच म्हणजे ५ नव्हे, ५.०८ सेंटिमीटर. तिन्ही मापांतले हे छोटे छोटे फरक गुणाकारात एकत्र आले आणि ०.४ लिटरचा फरक पडला. वाळूच्या कामात एवढ्याने काही बिघडत नाही. पण आपले आणि दुसऱ्याचे उत्तर जुळले नाही तर भांडायचे नसते, फरक कुठून आला ते शोधायचे असते. हा धडा तिला त्या दिवशी घरातच मिळाला.

वाळूचे वजन

आता प्रश्न राहिला किलोचा, कारण दुकानात वाळू किलोवर मिळते. त्यासाठी एक लिटर वाळूचे वजन माहीत पाहिजे. आम्ही दुकानातल्या वाळूपैकी थोडी धुऊन गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवली. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीने मोजून डब्यावर खूण केली, तो डबा वाळूने खुणेपर्यंत भरला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तोलला. रिकाम्या डब्याचे वजन वजा केल्यावर एक किलो सहाशे ग्रॅम भरले. एक लिटर पाणी एक किलोचे असते, वाळू दीडपटीहून जड. कोरडी नदीची वाळू साधारण एवढीच भरते, दाण्याप्रमाणे थोडी कमी-जास्त.

मग हिशेब सोपा झाला. ९ लिटर गुणिले १.६ म्हणजे १४.४ किलो. तीन पिशव्यांत काम झाले असते. आम्ही आणल्या पाच. पंचवीस किलोला १.६ ने भागले तर १५.६ लिटर, म्हणजे आमच्या पेटीत वाळूचा थर जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर झाला होता. पाच सेंटिमीटरच्या जागी पावणेनऊ!

वाचकांनी हे सूत्र घरात लिहून ठेवावे. पेटीची आतली लांबी, आतली रुंदी आणि हवा असलेला थर, तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावेत. त्याला १००० ने भागले की लिटर मिळतात. लिटरला १.६ ने गुणले की किलो. लांबी-रुंदी आतून मोजावी; बाहेरून मोजल्यास काचेची जाडीही हिशेबात येते.

वाळू समोर कमी आणि मागे जास्त असा उतार केला तर पेटी छान दिसते आणि घाण पुढे जमून काढायला सोपी जाते. त्यासाठी हिशेब बदलत नाही. समोर ३ आणि मागे ७ सेंटिमीटर ठेवले, तर ३ अधिक ७ भागिले २ म्हणजे सरासरी ५. वाळू तेवढीच. गोल बरणी असेल तर तळाची त्रिज्या मोजावी. त्रिज्या १२ सेंटिमीटर असल्यास ३.१४ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे सुमारे ४५२. तीन सेंटिमीटर थराला सव्वा ते दीड लिटर, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत वाळू पुरते. अर्थात बरणीत पाणी फार थोडे राहते आणि लवकर खराब होते, म्हणून माशांसाठी चौकोनी पेटीच बरी.

ओली वाळू फसवते

काका त्यांच्या कामावरची वाळू बादलीतून घेऊन आले होते. ती किंचित ओलसर होती. थोरलीने तीही त्याच डब्यात मोजली, तर एक किलो साडेतीनशे ग्रॅम भरली. ती गोंधळली. "ओली वाळू जड पाहिजे ना काका? ही तर हलकी निघाली."

काका हसले. "ओली वाळू फुगते पोरी. मापाला जास्त दिसते, आत माल कमी. नवशिक्या माणूस इथंच फसतो."

त्यांनी काचेची बरणी मागितली. ओलसर वाळू न दाबता दहा सेंटिमीटरपर्यंत भरली आणि वरून हळूहळू पाणी ओतले. वाळू बुडताच खाली बसली. पट्टी लावली तर आठ सेंटिमीटर! दहाची आठ झाली. थोड्याशा ओलाव्यात प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो; तो दाण्यांना एकमेकांजवळ येऊ देत नाही आणि वाळू फुगते. पाणी पुरते भरले की पापुद्र्यांची ती ताकद जाते आणि दाणे खाली बसतात. बारीक वाळू जास्त फुगते, जाड वाळू कमी.

बांधकामाची वाळू ब्रासवर विकत घेणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विसरू नये. पावसाळ्यातला ओलसर ब्रास डोळ्यांना शंभर घनफूट दिसतो, पण आत कोरडी वाळू तेवढी नसते. घराचे काम काढणाऱ्या गरीब माणसाचे नुकसान असे मापातच होते. बरणीची ही परीक्षा पाच मिनिटांत कोणालाही करता येते.

दाण्यांमधली जागा

धाकटा आतापर्यंत गप्प बसून पाहत होता. त्याने विचारले, "वाळू घातली की पाण्याला जागा कमी होते का?"

चौथीतल्या पोराचा प्रश्न, पण खरा मुद्दा त्यातच होता. आम्ही कोरड्या वाळूचा एक लिटरचा डबा घेतला आणि वाळूचा वरचा भाग चमकेपर्यंत मोजून पाणी ओतले. सुमारे चारशे मिलिलिटर पाणी मुरले. म्हणजे एक लिटर वाळूत साधारण चार दशांश जागा रिकामीच असते.

आता पेटी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत भरायची असे धरा, कारण वर पाच सेंटिमीटर मोकळे ठेवावे लागतात. पाच सेंटिमीटर वाळू, वर वीस सेंटिमीटर पाणी. १८०० गुणिले २० म्हणजे ३६ लिटर मोकळे पाणी. वाळूच्या ९ लिटरमध्ये मुरलेले पाणी ३.६ लिटर. एकूण सुमारे ४० लिटर. पेटी मात्र ५४ लिटरची म्हणून ओळखली जाते. माशांच्या रोगावरचे औषध ५४ लिटरच्या हिशेबाने टाकले तर ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडते. माणसाच्या औषधाला जसा नेम, तसाच माशाच्या औषधालाही.

आणि आमच्या जुन्या हिशेबात, पंचवीस किलो वाळूने, माशांना फिरायला केवळ २९ लिटर पाणी उरले होते. एका लहानशा घरातली एक भिंत आत सरकवावी, तसे आम्ही त्यांचे घर लहान केले होते.

आजीच्या उशाशी सत्तर किलो

यानंतर थोरलीने जो हिशेब केला, त्याने आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. नव्या मापाने भरलेल्या पेटीचे वजन तिने मांडले. मोकळे पाणी ३६ किलो, मुरलेले पाणी ३.६ किलो, वाळू १४.४ किलो. काच पाच मिलिमीटर जाडीची. रिकामी पेटी सुमारे ९ किलो. एकूण ६३ किलो. मग तिने आमच्या जुन्या पेटीचे वजन काढले. पंचवीस किलो वाळूमुळे ते जवळजवळ ७० किलो झाले होते.

सत्तर किलो! एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या फळीवर बसून होता, आणि खाली आजी झोपत होती.

काकांनी उठून फळीच्या कोनाला हात लावला. भिंतीत लाकडी खुंट्या ठोकून त्यांत स्क्रू पिळलेले होते. पावसाळ्याच्या ओलीने खुंट्या सैल झाल्या होत्या आणि एका बाजूचा गिलावा सुटला होता. काकांनी दोन बोटांनी हलवले तर माती खाली सांडली. "भाऊ, हे वह्या-पुस्तकांसाठी ठीक आहे. याच्यावर पाणी ठेवायचं नसतं."

आम्हाला बोलता येईना. मुलांची आई खाटेवरच बसली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "मासे मेले म्हणून रडत होता. ते गेले म्हणून पेटी खाली उतरली रे." म्हातारीच्या त्या वाक्याला काय उत्तर द्यावे?

वाचक बंधू-भगिनींनो, घरात फिशटँक असो, पाण्याची टाकी असो की धान्याची कोठी, ठेवण्याआधी वजनाचा हिशेब करा. पाणी दिसायला हलके असते. एक घनफूट पाणी २८ किलोच्या वर भरते, एक घनफूट कोरडी वाळू सुमारे ४५ किलो. भिंतीवरची फळी, प्लॅस्टिकचे टेबल, टीव्हीचा स्टँड यांवर असे ओझे ठेवू नका. झोपण्याच्या जागेवर तर कधीच नको.

काकांनी दोन रविवार देऊन कोपऱ्यात विटांचा गुडघाभर उंचीचा ओटा बांधून दिला. वर शहाबादी फरशी बसवली, पाणसळ लावून ती समतल असल्याची खात्री केली आणि फरशी व काच यांच्यामध्ये थर्माकोलचा तुकडा घातला, म्हणजे बारीक खडा काचेला टोचत नाही. मजुरी विचारली तर म्हणाले, "पोरीला चहा करायला सांग." चहा थोरलीने नाही, धाकट्याने केला.

मग मासे का मेले?

पहिली चूक घाईची. नव्या पाण्यात त्याच संध्याकाळी सहा मासे सोडले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. पाण्यात राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे उपकारी जिवाणू वाळूच्या दाण्यांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. वाळू केवळ शोभेची नाही, ती पेटीची सफाई कामगार आहे. म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीनच मासे ठेवावेत, पाणी दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे बदलावे आणि सगळी वाळू एकदम धुऊन काढू नये.

दुसरी चूक खाण्याची. धाकटा प्रेमाने मूठमूठ खाणे टाकत होता. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेले वाळूत शिरते आणि सडते.

तिसरी चूक जाड थराची. पावणेनऊ सेंटिमीटर बारीक वाळूच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे सडणाऱ्या अन्नातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यांचा तो वास याच वायूचा, आणि वाळू काळी पडते तीही त्याच्यामुळेच.

चौथी चूक नळाच्या पाण्याची. नाशिकला गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून, क्लोरिन मिसळून घरोघर येते. माणसाला ते हितकर, पण माशांच्या कल्ल्यांना आणि त्या उपकारी जिवाणूंना क्लोरिन बाधते. पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवले की क्लोरिन उडून जातो.

धाकट्याला आम्ही हे सगळे समजावून सांगितले. "म्हणजे माझी एक चूक, बाकीच्या तुमच्या," त्याने हिशेब केला. तो बरोबर होता.

वाळू कोणती, कशी, किती

वनस्पती लावायच्या नसतील तर तीन सेंटिमीटर थर पुरतो. आमच्या मापाच्या पेटीला ५.४ लिटर, म्हणजे साडेआठ-पावणेनऊ किलो. मुळे धरणाऱ्या वनस्पती लावायच्या असतील तर पाच सेंटिमीटर. दाणा रव्यापेक्षा मोठा असावा, मोहरीपेक्षा फार मोठा नको. फार बारीक वाळू घट्ट बसते. फार जाड खडीच्या फटींत खाणे अडकते. मात्र तळाखाली जाळीचा फिल्टर बसवणार असाल तर वाळू घालू नये, ती फटींत जाऊन बसते. त्याला मोहरीपेक्षा जाड, मटकी-मुगाएवढे गोटे लागतात.

हल्ली बांधकामावर क्रश सँड सर्रास वापरतात. ती दगड फोडून केलेली असते, कडा धारदार आणि भुकटी फार. तळाशी चरणाऱ्या माशांना ती टोचते. नदीच्या वाळूचे दाणे गोल असतात. वाळूत चुनखडीचे खडे आहेत का हे पाहण्यासाठी तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फेस आला तर चुना आहे, आणि तो पाणी जड करीत राहतो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. परीक्षेची वाळू पेटीत घालू नये. वाळू बादलीत घेऊन, हाताने ढवळून, पाणी निवळ येईपर्यंत दहा-दहा वेळा धुवावी. साबण किंवा पावडर अजिबात लावू नये. पेटीत वाळू पसरल्यावर तिच्यावर बशी ठेवून बशीत पाणी ओतावे, म्हणजे वाळू उडत नाही.

गोदावरीचा काठ जवळ आहे म्हणून कोणी पोते घेऊन नदीत उतरू नये. नदीची वाळू काढायला परवाना लागतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. त्यामागचे कारण धाकट्याच्या डब्यातच दिसते. एक लिटर वाळूत चारशे मिलिलिटर पाण्याला जागा असते. एक ब्रास म्हणजे सुमारे २८३० लिटर वाळू. ती नदीतून गेली की अकराशे लिटरहून अधिक पाणी साठण्याची जागा गेली. काठावरच्या विहिरी आटतात त्या अशा. आपल्याला लागते ती फक्त एक-दोन पाट्या वाळू. कामावरच्या ओळखीच्या माणसाकडून मागून घ्यावी. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू द्यायचे ठरवले होते. ते धोरण पुढे बदलले. पण त्या दराने एक तृतीयांश घनफूट वाळूची किंमत काढली तर वाहतूक सोडून दोन रुपये होते! पिशवीतल्या वाळूला आपण किती मोजतो, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

माशांना काचेच्या पेटीत पाहण्याची हौस काही फार जुनी नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि राज्यभरच्या कित्येक शाळांच्या सहली तिथे गेल्या. आमच्या मुलांना मात्र मत्स्यालय घरातच भेटले, तेही हिशेबाच्या वहीसकट.

उरलेली वाळू

पेटी पुन्हा भरली तेव्हा जुनीच वाळू धुऊन, उन्हात वाळवून, तोलून पंधरा किलो घातली. या वेळी सुरुवातीला तीनच गप्पी मासे आणले. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकांचे आरोग्य विभाग हेच मासे साठलेल्या पाण्यात सोडतात. हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतला. कंटाळा आला म्हणून तो नदी-तळ्यात सोडू नये, तिथल्या माशांचा घास तो हिरावतो. नाशिकची थंडी कडक. डिसेंबर-जानेवारीत पाणी फार गार होते, म्हणून त्या दिवसांत आम्ही पेटी खिडकीपासून लांब ठेवतो, रात्री तिन्ही बाजूंनी गोधडी लावतो आणि हीटरसाठी पैसे बाजूला टाकतो आहोत.

दहा किलो वाळू उरली. ती टाकायची कुठे, असे मुलांची आई म्हणत होती. आजीने ती मागून घेतली. कोपऱ्यात पसरून, पाणी शिंपडून तिच्यावर माठ ठेवला. ओल्या वाळूवर माठ गार राहतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

थोरलीने सगळा हिशेब एका पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ओट्याच्या वर भिंतीला चिकटवला आहे. परवा कारखान्यातील दोघे जण घरी आले होते. त्यांच्या मुलांनाही पेटी घ्यायची आहे. त्यांनी ते पान उतरवून घेतले. आम्ही माप समजावून सांगू लागलो, तोच धाकटा मध्ये बोलला, "पप्पा, थांबा. आधी त्यांना विचारा, पेटी ठेवणार कुठं?"